मशेरीनं झाकलेलं रक्त

माझा दात कधी दुखला नाही. हेच तर खरं दुखणं. दुखला असता तर मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन बसले असते, कारण मी काही सोसणारी बाई नाही. पायात काटा रुतला तरी अर्धं मावला गाव गोळा करते. पण हा हिरड्यांचा आजार मोठा हुशार. पंधरा वर्षं माझ्या तोंडात राहिला, माझ्याच भाकरीवर जगला, आणि मला खबर नाही.

मी कोण, ते आधी सांगते. आमचं घर मावल्यात, आदिलाबादला लागून. दोन एकर भाजीचा मळा. वांगी, चवळी, काकडी, अंबाडी, आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. माल काढतात आमचे मालक आणि मुलगा प्रकाश. बाजारात बसते मी. चाळीस वर्षं बसते. मराठी गिऱ्हाइकाशी मराठी, तेलुगूशी तेलुगू, बाहेरच्या व्यापाऱ्याशी हिंदी, आणि तिन्ही भाषांत भांडता येतं. शाळेची पायरी चढले नाही. पोरांची पुस्तकं पाहून पाहून अक्षरं जुळवली, तेव्हा लिहिण्यात काही वाकडं गेलं तर तुम्हीच सरळ करून वाचा.

हे लिहायला लावलं दातांच्या डॉक्टरीणबाईंनी. म्हणाल्या, "अम्मा, तुम इतना बोलती हो, थोडा लिखके दो ना. बाहर बेंच पे औरतें बैठती हैं, पढेंगी." म्हणून ही वही. बाकावर बसलेल्या माझ्या बाई, तोंडावर पदर धरून बसली असशील तर आधी हे वाच, मग आत जा.

रक्त आलं आणि थांबलं

पन्नाशीच्या आसपास दात घासताना थुंकीत लाली दिसायला लागली. सासूबाई तेव्हा होत्या. त्यांनी मशेरीची डबी पुढे केली. "लाव हिरडीले. तंबाखू गरम असते, रक्त बांधते."

मशेरी म्हणजे तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि कुटून पूड करायची. बोटावर घेऊन हिरडीवर घासायची, आणि तोंडात धरून बसायचं. पुरुषांनी तंबाखू खाल्ली तर व्यसन, बायांनी मशेरी लावली तर दात घासणं, असा आमच्याकडचा न्याय. सकाळी एकदा, जेवण झालं की एकदा, बाजारात उन्हाचं बसले की एकदा.

आणि खरं सांगते, रक्त थांबलं. चार-पाच दिवसांत थांबलं. मग मला कोण सांगणार, हे वाईट आहे म्हणून? डोळ्यांनी पाहिलेला गुण होता. इतका विश्वास बसला की मी स्वतः मशेरी भाजायला लागले. माझ्या हाताची मशेरी जळत नाही, कच्ची राहत नाही, असं नाव झालं. गल्लीतल्या बाया डब्या घेऊन यायच्या. माझी धाकटी जाऊ शांता, तिला तर मीच लावली सवय. "हिरड्या सुजल्या वैनी," म्हणाली ती, आणि मी डॉक्टरसारखी डबी दिली.

तिचे दात पुढे एकेक करून गेले. आम्ही म्हणायचो, तिच्या माहेरचेच दात कच्चे.

काकडी

बाजारात काकडी नेण्याआधी मी प्रत्येक वेलाची एक काकडी तोडून तिचं टोक चावून पाहते. कडू निघाली तर त्या वेलाचा माल न्यायचा नाही. गिऱ्हाईक एकदा कडू खाऊन गेलं की परत येत नाही.

त्या सकाळी टोक चावलं आणि खालचा पुढचा दात हलला. दुखलं नाही. नुसता मागे कलला आणि परत उभा राहिला, भुसभुशीत मातीतल्या खुंटीसारखा. मी जीभ लावून पाहिली. शेजारचाही हलत होता. मग त्याच्या शेजारचाही.

मालकांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काकडी चाकूनं कापून चाखायला लागले.

घरात आणखी एक गोष्ट घडत होती, ती मी पाहून न पाहिल्यासारखी करत होते. नात अनू, दुसरीत आहे, ती माझ्याजवळ झोपायची. ती पाठ करून झोपायला लागली. एकदा गोष्ट सांगता सांगता तिनं हळूच नाकावर चादर ओढली. मी म्हटलं, "काऊन व, थंडी वाजते का?" ती म्हणाली, "आजी, गोष्ट तिकडे तोंड करून सांग ना." लेकराच्या जातीला खोटं बोलता येत नाही. मी भिंतीकडे तोंड करून गोष्ट संपवली.

ज्या दिवशी कळलं

मला साखरेचा आजार आहे. गोळ्या वेळेवर घेत होते, पथ्य पाळत होते, म्हणजे बरंचसं पाळत होते, तरी साखर काही खाली येईना. साखरेच्या डॉक्टरांनी गोळी वाढवता वाढवता एकदा विचारलं, "तोंड दाखवा पाहू." मी पदर बाजूला केला. त्यांनी पाहिलं आणि चिठ्ठी लिहिली. "आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. हिरडीत सूज राहिली की साखरही ऐकत नाही, आणि साखर वाढली की हिरडी ऐकत नाही. दोघी एकमेकींना चढवतात."

प्रकाशनं गाडीवर बसवून नेलं. दातांची डॉक्टरीण म्हणजे पोरगीच, माझ्या धाकट्या लेकीच्या वयाची, तेलुगू घरची. खुर्ची मागे गेली तशा मी तिच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या. "नोरु तेरवंडी अम्मा," म्हणाली, म्हणजे तोंड उघडा. मी उघडलं. तिच्या हातात एक बारीक सळई होती, तिच्यावर आखणी केलेली. ती सळई दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत घालायची, आणि नर्सला आकडे सांगायची. तीन. पाच. चार. सात. आठ.

मला वाटलं, पोरगी मार्क देते आहे. आठ म्हटल्यावर मी खूश. चला, एक दात तरी चांगल्या मार्कांनी पास!

उठून बसल्यावर तिनं समजावलं. हिरडी दाताला घट्ट चिकटलेली पाहिजे. तिथे फट पडून खिसा तयार होतो. सळई किती खोल जाते तो आकडा. तीनपर्यंत ठीक. आठ म्हणजे दाताला धरून ठेवणारं हाड खाली खाली विरघळून गेलंय.

मी विचारलं, "दात किती जातील?"

"ऊपर के पीछे वाले दो तो जाएंगे अम्मा. नीचे सामने के छह..." ती थांबली. दातांच्या एक्स-रे फोटोकडे पाहिलं. "देखेंगे. कोशिश करेंगे. आधा काम मेरा, आधा आप का."

खालचे पुढचे सहा. मी बाजारात बसते ती या सहांच्या जोरावर. माझं भांडण, माझं हसणं, माझी हाक, सगळं तिथून बाहेर येतं. बाहेर आल्यावर मी प्रकाशला काही बोलले नाही. मी बोलत नाही म्हटल्यावर तो घाबरला, कारण असं कधी झालं नव्हतं.

घरातली पंचायत

रात्रीच्या जेवणाला विषय निघाला.

प्रकाश म्हणाला, "माय, सारेच काढून टाक अन् कवळी बसव. एकदाच कटकट मिटते. बाबाची हाय ना?"

आमच्या मालकांना पाच वर्षांपासून कवळी आहे. त्यांनी घास खाली ठेवला. "कवळीचं तू मले विचार. पेरू कापून, भुईमूग कुटून, अन् शिंक आली तं पह्यले तोंडावर हात. तुही माय कवळी घालून बजारात ओरडली ना, तं कवळी गिऱ्हाइकाच्या थैलीत पडंन."

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता रडायला लागले. सून वैशाली ताटावरून उठून माझ्या शेजारी येऊन बसली. पाण्याचा तांब्या जवळ सरकवला. त्या पोरीचे आभार मी तेव्हा मानले नाहीत, आता मानते.

मालक म्हणाले, "सहा दात ठिवाचे असन तं ठिव. लागते थे करू. पन डॉक्टरीण सांगंन तसं करजो. तुह्या मनानं नको."

मी मान हलवली. आणि पुढे माझ्या मनानंच केलं, ते येतंच आहे.

नळीतलं शेवाळ

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी माझ्या दातांना लाल औषध लावलं, चूळ भरायला सांगितली आणि आरसा दिला. मी सकाळी घसाघसा दात घासून गेले होते. आरशात पाहते तर काय, दातांच्या मुळाशी, हिरडीच्या काठाकाठानं गर्द लाल पट्टा. जणू कुणी दातांना अळता लावला. जिथे जिथे लाल, तिथे तिथे जंतूंचा थर. बायोफिल्म असा तिचा शब्द. मी थरच म्हणते.

मी म्हटलं, "मग गोळ्या द्या ना! जंतू मरतील."

ती हसली आणि सांगायला लागली. जंतू सुटे सुटे असते तर गोळीनं मेले असते. पण ते एकेकटे राहत नाहीत, वस्ती करून राहतात. दात घासून तासाभरात पहिले येऊन बसतात. ते तसे गरीब, फार त्रास न देणारे. ते दाताला घट्ट धरतात आणि मागून येणाऱ्यांना बसायला जागा करून देतात. एकाच्या खांद्यावर दुसरा. मग सगळे मिळून अंगाभोवती एक बुळबुळीत पांघरूण तयार करतात. औषध वरच्यावर लागतं, आतल्यांपर्यंत पोचतच नाही. आत एकाचं उष्टं दुसऱ्याचं जेवण होतं. थर जाड झाला, हिरडीच्या खाली उतरला, की तिथे हवा नाही. आणि ज्यांना हवा नकोच, ते खरे जहाल, ते तिथे सुखानं नांदतात. आपलं शरीर त्यांना हाकलायला लढाई करतं, आणि त्या लढाईत आपलंच हाड खपतं.

मी ऐकत होते, आणि एकदम मला आमच्या ड्रिपच्या नळ्या आठवल्या. मी खुर्चीवरून उठूनच बसले. "अगं बाई, हे तर आमच्या मळ्यात होतं!"

उन्हाळ्यात ठिबकच्या नळ्या आतून बुळबुळीत होतात. हिरवट-तपकिरी थर बसतो, आणि मग थेंब पडायचा बंद. पहिल्या वर्षी मालकांनी नुसतं औषध सोडलं होतं. वरचं पाणी चार दिवस स्वच्छ आलं, आठव्या दिवशी नळी पुन्हा बंद. मग शेजारच्या शेतकऱ्यानं सांगितलं, आधी टोकाची बुचं काढा, नळी हातानं चोळत जा, थर मोडा, जोरानं पाणी सोडा. मग औषध. आणि एकदा करून भागत नाही, दर काही दिवसांनी करा. कारण पाणी आहे तोवर थर बसणारच.

डॉक्टरीणबाईंना मी हे सगळं हातवारे करून सांगितलं. ती टाळी वाजवून म्हणाली, "अम्मा, बस! यही है. मैं आप की नली साफ करूंगी, रोज चोळना आप का काम." तो "चोळना" ऐकून नर्स हसून हसून बेजार.

मला आजारपणातला पहिला दिलासा इथे मिळाला. शत्रू ओळखीचा निघाला. ज्याला मी मळ्यात हातानं चोळून काढलंय, त्याला तोंडातूनही काढेन.

खुर्चीवरचे दिवस

मागचे दोन दात काढले. साखर पाहून, बधिर करून. सुई टोचेपर्यंत भीती, पुढे नुसतं ओढल्यासारखं वाटलं. मग खोल साफसफाई. एका वेळी तोंडाचा एक भाग. मशीन बारीक किणकिणतं, पाणी उडतं, डोळे मिटावेसे वाटतात. नर्स माझा हात धरून बसायची. तिचं नाव मी लिहीत नाही, लाजेल. तिचा अंगठा माझ्या मनगटावर असायचा, आणि मशीन सुरू झालं की ती हळूच दाबायची, जशी म्हणते, आहे मी.

घरी आले की तोंड बधिर, ओठ आहे की नाही कळायचं नाही. मालक ज्वारीची आंबील करायचे. आयुष्यात ज्या माणसानं चुलीला हात लावला नाही, तो माणूस आंबील ढवळत उभा. पहिल्या दिवशी गाठी झाल्या. दुसऱ्या दिवशी मीठ विसरले. तिसऱ्या दिवशी इतकी चांगली झाली की मी खोटंच म्हटलं, "अजून दुखते," आणि आणखी दोन दिवस करून घेतली.

वरचे दात झाले. खालचे राहिले होते.

माझी चूक

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी मशेरी बंद सांगितली होती. मी खरंच बंद केली. बाई गं, काय ते दिवस! डोकं ठणकायचं, कशात जीव लागायचा नाही. गिऱ्हाइकानं वांगं दाबून पाहिलं तरी अंगावर जायची. वैशालीशी दोनदा भांडले, एकदा भाजीत तेल जास्त म्हणून आणि एकदा कमी म्हणून.

आणि मग रक्त आलं. पंधरा वर्षांत न आलेलं. सकाळी चूळ भरली तर पाणी लाल, ब्रश लाल. तेही खालच्या पुढच्या सहांच्या मुळातून.

शेजारच्या बायांनी पाहिलं. एक म्हणाली, "पाह्य, मी सांगत होती ना? मशीन लावलं की दात पोखरते." दुसरी म्हणाली, "तुमची मशेरी काय वाईट होती वैनी? चांगल्या हिरड्या बिघडवून बसल्या."

मला ते पटलं. हिशोब सोपा होता. मशेरी होती तेव्हा रक्त नव्हतं, मशेरी सोडली आणि रक्त आलं. मी तवा ठेवला. तंबाखू भाजली. लावली. चौथ्या दिवशी रक्त बंद.

मी जिंकल्यासारखी गल्लीभर सांगत फिरले. दवाखान्याची तारीख आली, मी मळ्यात काम काढलं. दुसरी तारीख आली, मी इंद्रवेल्लीला लेकीकडे जाऊन बसले. दोन महिने गेले. दवाखान्यातून फोन आला की मी अनूला उचलायला लावायची, "आजी घरी नाही म्हण." लेकराला खोटं बोलायला मी शिकवलं. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते.

एक दिवस जेवताना भाकरीचा पापुद्रा तोडला आणि मधला दात इतका कलला की मी ताट बाजूला सारलं. रक्त नव्हतं. दुखत नव्हतं. दात मात्र आधीपेक्षा जास्त हलत होता.

वैशालीनं पाहिलं. तिला मी किती बोलले होते त्या महिन्यांत. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आत्याबाई, एक बोलू? राग आला तं येऊ द्या. रक्त थांबलं नाई. तुमी त्याच्या तोंडावर हात ठिवला."

"तुले काय समजते व?"

"मले नाई समजत. म्हणून तं म्हणते, ज्याले समजते त्याच्याकडे चला. उद्या मी येते संगं. पाहू कशा नाई येत तं."

मालकांनी हातातला गिलास खाली ठेवला. "जाय तिच्यासंगं," एवढंच म्हणाले.

डॉक्टरीणबाई रागावली नाही

मी सगळं कबूल केलं. वाटलं होतं हाकलून देईल. तिनं खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, तंबाखूनं हिरडीतल्या बारीक बारीक रक्ताच्या नळ्या आवळल्या जातात. म्हणून रक्त दिसत नाही. आजार आत चालूच. मशेरी सोडली की नळ्या मोकळ्या होतात, आणि जी सूज आधीपासून होती ती दिसायला लागते. "अम्मा, वो खून आना अच्छा था. हिरडी बोल रही थी."

मी घरी येईस्तोवर त्यावर विचार केला. म्हणजे राखणीचं कुत्रं भुंकत होतं, आणि मी त्याला भाकर टाकून गप्प बसवलं. पंधरा वर्षं टाकत होते. चोर आत निवांत.

आणि मग शांता आठवली. माझी जाऊ. तिच्या हिरड्या सुजल्या होत्या, त्या काही सांगत होत्या, आणि मी डबी दिली होती.

तिच्या घरी गेले. म्हटलं, "शांते, तुहे दात माह्यानं गेले." सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग दात नसलेल्या तोंडानं हसली. "वैनी, तुमी दिली, म्या लावली. म्या काय लहान होती का? आता तुमचे तं वाचवा. दोघी बोळक्या झालो तं भांडाचं कसं? काही समजनच नाई." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ती बाजारात कुणाची फजिती झाली ते सांगत बसली.

तव्यावर त्या दिवसापासून फक्त भाकर भाजली जाते. कुणी डबी घेऊन आलं तर मी बसवून चहा देते आणि हे सगळं सांगते. काही बाया उठून जातात. दोघी दवाखान्यात गेल्या.

रोजचं चोळणं

खालच्या दातांची साफसफाई झाली. मधले दोन दात शेजारच्यांना आतून बारीक तारेनं बांधले, वाकलेल्या वेलाला काठीचा आधार देतात तसे. पुढचं काम माझं होतं.

रात्रीचं जेवण झालं की ओसरीवर दिव्याखाली आरसा घेऊन बसते. मऊ ब्रश हिरडीच्या काठाला तिरपा धरून हळूहळू. मग दातांच्या मधल्या फटीत घालायचा तो इवलासा ब्रश, बाटली धुवायच्या कुंच्याचं पिल्लू जणू. पहिले तीन आठवडे रोज रक्त. मी ते पाहून घाबरायचं सोडलं. रोज पाहायची, काल जास्त होतं की आज. हळूहळू गुलाबी झालं, मग एखाद्याच ठिकाणी, मग एक दिवस पाणी स्वच्छ.

आळस येतो. पाहुणे असले, पाय दुखत असले की वाटतं, आज राहू दे. तेव्हा थराचा विचार करते. तो सुट्टी घेत नाही. रोज नव्यानं वस्ती करायला येतो. एवढंच, की रोज मोडली तर वस्तीचं गाव होत नाही.

साखरही थोडी उतरली. डॉक्टरांनी वाढवलेली गोळी पुन्हा कमी केली. आणि एका दुपारी अनू शाळेतून आली, माझ्या मांडीवर आडवी पडली आणि तोंडाजवळ तोंड आणून शाळेतली भानगड सांगायला लागली. वासाचा विषय कुणीच काढला नाही. मी श्वास धरून बसले होते, हळूच सोडला.

मापायचा दिवस

मागच्या महिन्यात पुन्हा मापणी होती. प्रकाश बाहेर गाडीवर थांबला, वैशाली माझ्यासोबत आत. बाजारात पोलीस आला तरी न घाबरणारी मी, एका सळईला घाबरत होते.

"नोरु तेरवंडी."

तीन. दोन. तीन. नर्स लिहीत होती. चार. तीन. मग खालचे सहा आले. मी डोळे मिटले. तीन. तीन. चार. मग मधला, तारेनं बांधलेला. डॉक्टरीणबाई थांबली. दुसऱ्या बाजूनं सळई घातली. पुन्हा घातली.

"पाच," ती म्हणाली.

पाच म्हणजे चांगलं नाही, हे मला आता कळत होतं. पण तो पूर्वी आठ होता, हेही कळत होतं. मी उठून बसले. "हा जाणार का?"

तिनं खोटा धीर दिला नाही, त्यासाठी मी तिची ऋणी आहे. म्हणाली, हाड गेलं ते परत भरून येत नाही. पाच दात घट्ट आहेत. हा सहावा किती वर्षं राहील, सांगता येत नाही. तुमच्या रोजच्या हातावर आहे, साखरेवर आहे, थोडं नशिबावर. "लेकिन आज निकालने की जरूरत नहीं अम्मा. चाला मंचिदी," म्हणजे फार चांगलं झालं.

वैशालीनं माझा खांदा दाबला. मी डॉक्टरीण आणि नर्स, दोघींच्या पाया पडायला निघाले होते, दोघी मागे सरल्या.

बाहेर आले. उन्हं कलली होती, रस्त्यावर गर्दी, बाकावर तीन-चार बाया पदर तोंडावर धरून बसलेल्या. प्रकाशनं गाडीवरूनच विचारलं, "किती काढले, माय?"

"एकही नाई!" मी ओरडले. त्याला खरं वाटेना, म्हणून तिथेच, भर रस्त्यात, पदर बाजूला करून मी आ वासला. "मोज! मोज लेका, सहाच्या सहा!"

तो लाजून इकडेतिकडे पाहायला लागला. पण त्यानं मोजले. बोट न लावता, ओठ हलवत, एक, दोन, तीन करत मोजले. बाकावरच्या बाया हसायला लागल्या, आणि हसताना त्यातल्या एकीच्या तोंडावरचा पदर खाली आला.